म्हाताऱ्या कुत्र्याच्या पापणीवरची गाठ : दाण्याएवढी असतानाच दाखवा



आजवर आपण शेळीचं लसीकरण, कोंबड्यांची मानमोडी, गाईचा माज अशा विषयांवर बोललो. आज बोलायचं आहे घरच्या कुत्र्याबद्दल. आपल्या कारंजा तालुक्यात कुत्रा नुसता हौसेचा नसतो. संत्र्याच्या बगिच्यात, तुरीच्या वावरात रात्री रानडुक्कर आलं की आधी त्यालाच कळतं. एका बाजूला बोरचं जंगल आहे, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलाकाठच्या गावांत शेळ्यांच्या गोठ्याशी निजणारा कुत्रा म्हणजे घरातल्या बाईचा अर्धा जीव असतो. अशा कुत्र्याचे डोळे गेले तर रात्री तो राखणही करू शकत नाही आणि स्वतःला वाचवूही शकत नाही.

कुत्रं आठ-दहा वर्षांचं झालं की पुष्कळदा त्याच्या पापणीच्या कडेवर एक बारीक गाठ दिसू लागते. आधी मोहरीएवढी, मग ज्वारीच्या दाण्याएवढी. रंग कधी गुलाबी, कधी करडा, कधी काळा. वरून फुलकोबीसारखी खरबरीत. आपण म्हणतो, "म्हातारं झालं, मस आली असेल." आणि सोडून देतो. किंवा उलट, "कॅन्सर झाला, आता काही उपाय नाही," म्हणून सोडून देतो. दोन्ही वेळा सोडूनच देतो. म्हणून आज ही गाठ नीट समजून घेऊ.

गाठ येते कुठून?

पापणीच्या काठावर, आतल्या बाजूला, तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींची एक ओळ असते. एकेका पापणीत अशा २० ते ४० ग्रंथी असतात. त्यांचं तेल डोळ्यातल्या पाण्यावर पातळ साय धरतं, त्यामुळे डोळा लवकर सुकत नाही. आपल्याला रांजणवाडी होते तीही याच काठावर. पण रांजणवाडी चार-आठ दिवसांत पिकून बसते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या या ग्रंथीची वाढ सुरू झाली की ती आपोआप बसत नाही, हळूहळू मोठीच होत जाते.

कुत्र्याच्या पापणीवरच्या बहुतेक गाठी अशा तेलग्रंथीच्याच असतात. बाकीच्यांत चामखिळीसारख्या आणि काळ्या रंगद्रव्याच्या गाठी येतात. दिलासा देणारी गोष्ट ही की कुत्र्याच्या पापणीवरच्या दहा गाठींपैकी सात-आठ किंवा त्याहून जास्त गाठी साध्या असतात. त्या शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. पापणीवरची काळी गाठसुद्धा कुत्र्यात बहुतेक वेळा साधीच निघते.

एक मात्र लक्षात ठेवा. हा हिशेब फक्त कुत्र्याचा आहे. मांजराच्या पापणीवरची गाठ आणि गाई-बैलाच्या डोळ्यातलं वाढलेलं मांस यांत कॅन्सर निघण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. तिथे "कुत्र्याला काही झालं नाही, मग गाईलाही होणार नाही" असं धरून बसू नका, लगेच दाखवा.

साधी असली तर घाई कशाला?

हाच खरा प्रश्न आहे. गाठ कॅन्सरची नसली तरी ती बसली आहे डोळ्याच्या काठावर. बुबुळावर काचेसारखा एक स्वच्छ पडदा असतो, त्याला आपण डोळ्याची काच म्हणू. कुत्रं दिवसातून हजारो वेळा पापणी मिटतं आणि प्रत्येक वेळी ती खरबरीत गाठ या काचेवरून घासत जाते. आपल्या डोळ्यात कुसळ गेलं तर तासभर चैन पडत नाही. इथे ते कुसळ पापणीलाच उगवलेलं आहे.

आधी डोळ्यातून पाणी येतं. मग चिपाडं येऊ लागतात, डोळा लाल होतो. कुत्रं पंजानं डोळा चोळतं, भिंतीला तोंड घासतं. घासून घासून डोळ्याच्या काचेवर जखम होते. त्या जखमेत जंतू शिरले की ती खोल जाते. बरी झाली तरी पांढरा डाग राहतो. यालाच आपण "डोळ्यात फूल पडलं" म्हणतो. जखम फारच खोल गेली तर डोळा फुटू शकतो, काढूनही टाकावा लागतो. म्हणजे साध्या गाठीनं जीव जात नाही, पण डोळा जाऊ शकतो.

घाई करण्याचं दुसरं कारण ऑपरेशनचं आहे. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या डोळ्याची फट साधारण तीन सेंटिमीटर लांब असते. गाठ काढताना पापणीच्या काठाचा तेवढा तुकडा काढून दोन्ही बाजू जोडाव्या लागतात. काठाच्या चौथ्या, फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तुकडा काढला तर उरलेला काठ ताणून सरळ जोडता येतो. त्याहून जास्त गेला तर शेजारची कातडी सरकवून नवा काठ करावा लागतो. ते काम मोठं असतं. वेळ जास्त, भूल जास्त, खर्च जास्त आणि असा हात असलेला डॉक्टर शोधावा लागतो.

आपल्या भाषेत माप सांगते. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असेल तर काम सोपं. तुरीच्या दाण्याएवढी झाली की आता थांबू नका. टपोऱ्या हरभऱ्याएवढी झाली म्हणजे साध्या ऑपरेशनची वेळ निघून जात आली. आणि बाहेर दिसते तेवढीच गाठ नसते. पापणी उलटवून पाहिली तर आत तिचं मूळ जास्त पसरलेलं सापडतं.

आधी खात्री करा, ती गाठच आहे ना?

उजेडात, कुत्रं शांत असताना नीट बघा. रक्त पिऊन फुगलेला गोचीड पापणीच्या काठाला चिकटला तर अगदी करड्या गाठीसारखा दिसतो. जवळून बघितलं तर बुडाशी त्याचे बारीक पाय दिसतात. तो डोळ्याजवळ असेल तर ओढाताण करू नका, रॉकेल-पेट्रोल लावू नका, दवाखान्यात काढून घ्या. कधी पापणीच्या आत गवताचं कुसळ अडकून सूज येते, ती एका दिवसात अचानक येते. लहान वयाच्या पिल्लाच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात लाल गोळा वर येतो, ते वेगळंच दुखणं आहे.

आणखी एक गाठ आपल्याकडच्या मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत दिसते. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. मुख्यतः मिलनाच्या वेळी, पण हुंगताना-चाटताना नाकाला, डोळ्यालाही लागू शकते. ती लालभडक असते आणि लवकर रक्त येतं. तिच्यावर आठवड्याला एक अशी काही आठवडे सलाईनमधून औषधाची इंजेक्शनं देतात, बहुतेक वेळा कापावंच लागत नाही. कोणती गाठ कोणती, हे ठरवायला डॉक्टरच लागतो तो यासाठी.

घरचे उपाय, जे करायचे नाहीत

चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधायची आपल्याकडे रीत आहे. पापणीवर हे करू नका. दोऱ्यानं वरचं बोंड गळून पडतं, मूळ आत तसंच राहतं. गाठ पुन्हा येते आणि मधल्या काळात दोऱ्याची टोकं डोळ्याला टोचत राहतात. बिब्ब्याचं तेल, चुना, हळद-चुन्याचा लेप पापणीला कधीच लावू नका. बिब्बा कातडी जाळतो, चुना डोळ्याची काच जाळतो. थेंबभर आत गेला तरी डोळा कायमचा पांढरा होऊ शकतो.

माझ्या ओळखीच्या एका शेळीपालक ताईंच्या कुत्र्याला असाच केस बांधला होता. तीन दिवसांनी गाठ पडली, घरात सगळे खूश झाले. चार महिन्यांनी ती पुन्हा आली, पहिल्यापेक्षा रुंद. तोपर्यंत डोळ्यात फूल पडलं होतं. पुढे ऑपरेशन झालं, टोचणी थांबली, कुत्रं पुन्हा नीट जेवू लागलं. पण त्या डोळ्यानं त्याला अंधुकच दिसतं. ताई म्हणतात, "ज्वारीएवढी होती तेव्हाच नेलं असतं तर फूल पडलं नसतं."

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. डोळा लाल दिसला की आपण औषधाच्या दुकानातून माणसाचे डोळ्याचे थेंब आणतो, नाही तर घरातली उरलेली बाटली काढतो. त्यातल्या बऱ्याच थेंबांमध्ये स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन असं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. डोळ्याच्या काचेवर जखम असताना हे थेंब घातले तर लाली कमी होते, आपल्याला बरं वाटतं, पण आत जखम भरत नाही, उलट पटकन खोल जाते. म्हणून डॉक्टर आधी डोळ्यात रंगाची पट्टी लावून बघतात. जखम असेल तिथे हिरवा रंग धरतो. ही तपासणी झाल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नका.

दुखतं म्हणून माणसाची गोळीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी निकामी होऊ शकते.

दवाखान्यात काय होतं?

डॉक्टर आधी दोन्ही डोळे बघतील, पापणी उलटवतील, जबड्याखालच्या गाठी चाचपतील. गाठ अगदी लहान असेल, डोळ्याला घासत नसेल, पाणी येत नसेल तर "लक्ष ठेवा" असंही सांगतील. मग दर महिन्याला एकदा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शेजारी ज्वारीचा दाणा हातात धरून फोटो काढला की वाढ लगेच कळते.

ऑपरेशन ठरलं तर म्हाताऱ्या कुत्र्याचं रक्त आधी तपासून घेतात, म्हणजे लिव्हर, किडनीची स्थिती कळते. हृदयही ऐकून बघतात. "म्हातारं आहे, भुलेतून उठणार नाही," ही भीती सगळ्यांना असते. पण वय हा काही आजार नाही. धोका ठरतो तो हृदय, किडनी, रक्त यांवरून. दहा वर्षांचं पण तब्येतीनं ठीक असलेलं कुत्रं भूल सहन करतं. ऑपरेशनच्या आधी किती तास खायला द्यायचं नाही, पाणी केव्हा बंद करायचं, हे डॉक्टर सांगतील ते तंतोतंत पाळा. घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवा, नाही तर कोणी तरी प्रेमानं पोळी घालतंच.

नेहमीची पद्धत म्हणजे गाठीसकट काठाचा व्ही आकाराचा किंवा झोपडीसारखा तुकडा काढणं आणि दोन थरांत टाके घालणं. यात खरी कसोटी काठ जुळवण्याची असते. ब्लाऊज शिवताना काठाशी काठ जरा वर-खाली झाला तरी लगेच दिसतं. इथे काठ वर-खाली झाला तर तो टप्पा डोळ्याला घासतो. म्हणून टाक्याची गाठ डोळ्यापासून लांब ठेवतात. अशी मुळासकट काढलेली गाठ पुन्हा येण्याची शक्यता कमी असते.

दुसरी पद्धत म्हणजे गाठ वरून खरडून काढून मूळ गोठवणं. गाईच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, तोच वापरतात. त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं. पण त्यासाठी वेगळं उपकरण लागतं, रेतन केंद्राच्या कॅननं हे काम होत नाही. यात वेळ कमी लागतो, हलकी भूल पुरते. त्यामुळे फार म्हाताऱ्या किंवा हृदय कमजोर असलेल्या कुत्र्याला ही पद्धत सोयीची पडते. काही दिवस पापणी सुजते, तिथली कातडी आणि केस काही काळ पांढरे पडतात. गाठ पुन्हा येण्याची शक्यता मात्र पहिल्या पद्धतीपेक्षा जास्त.

काढलेली गाठ फेकू देऊ नका. "तपासायला पाठवणार का?" असं डॉक्टरांना विचारा. ती फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेत जाते आणि साधी की वाईट हे तिथेच नक्की कळतं. गाठ काही आठवड्यांतच भराभर वाढली असेल, तिला जखम होऊन रक्त येत असेल, कडा कुठे संपते हे कळत नसेल, तर ही तपासणी झालीच पाहिजे.

घरी आल्यावरचे दोन आठवडे

ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी कुत्र्यानं एकदा पंजा मारला की टाके उघडतात. त्यासाठी गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालतात. विकत मिळाली नाही तर बुड कापलेली प्लास्टिकची बादली चालते. कापलेल्या कडेला कापड शिवा आणि पट्ट्याला चार ठिकाणी दोरीनं बांधा. १० ते १४ दिवस ती काढायची नाही. खाताना अडचण होते, म्हणून ताट विटेवर उंच ठेवा.

दिलेलं मलम वेळेवर लावा. कुत्रं घरात किंवा पडवीत, धुळीपासून दूर ठेवा. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात, म्हणून त्या दिवसांत विशेष जपा. साधारण १० ते १४ दिवसांनी टाके काढायला न्या. सूज वाढली, पिवळा स्राव आला, कुत्रं डोळा उघडेना झालं तर टाक्यांच्या तारखेची वाट बघू नका.

जायचं कुठे?

आधी आपल्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. फिरत्या दवाखान्यासाठी राज्यात १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. ती गाडी मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी असते, पण विचारायला हरकत नाही. डोळ्याचं नाजूक ऑपरेशन असेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते १९५८ सालचं, आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे जनावरांचा दवाखाना आहे. आपण अमरावती-नागपूर रस्त्यावरच आहोत. निघण्याआधी फोन करून तपासणीची वेळ विचारा, आणि जमलं तर दोन घरांनी मिळून एक गाडी करा.

आपल्या पशुसखी ताई गाठ ओळखायला, फोटो डॉक्टरांना पाठवायला मदत करतील. पण त्यांना "तुम्हीच कापून द्या" असा आग्रह करू नका. ऑपरेशन हे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचंच काम आहे, १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा तसंच सांगतो. आणि कुत्र्याला नेताना तोंड कापडाच्या पट्टीनं सैलसर बांधा. डोळा दुखत असला की गरीब कुत्रंही चावतं. रेबीजची लस झाली आहे ना, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

आता पैशाचं. गटाच्या बैठकीत शेळीच्या दवापाण्यासाठी कर्ज मागितलं तर कोणी काही बोलत नाही. कुत्र्यासाठी मागितलं की हसतात. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मागितलं तर म्हणतात, "त्याचं आता किती दिवस राहिलं?" मैत्रिणींनो, नऊ वर्षांचं धडधाकट कुत्रं पुढची तीन-चार वर्षं सहज जगतं. ती वर्षं त्यानं डोळ्यात टोचणी घेऊन काढायची का, एवढाच प्रश्न आहे. अंतर्गत कर्ज कशासाठी द्यायचं हे गटच ठरवतो. गाठ लहान असताना लागणारी रक्कमही लहान असते, दोन-चार हप्त्यांत फिटते. शिवाय पाळलेल्या जनावराला विनाकारण वेदनेत ठेवायचं नाही, ही मालकाची जबाबदारी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानंही सांगितली आहे.

आज संध्याकाळी एक काम करा. भाकर टाकताना कुत्र्याचं तोंड हातात धरा आणि दोन्ही डोळ्यांच्या वरच्या-खालच्या पापण्या उजेडात बघा. मग दर महिन्याच्या बचतीच्या तारखेला हेच करा, म्हणजे विसरणार नाही. दाणा दिसला तर दवाखान्यात दाखवा. डोळा मिटून धरला असेल किंवा काचेवर निळसर-पांढरं दिसत असेल, तर त्याच दिवशी न्या.

पुढच्या भागात शेळ्यांच्या पावसाळ्यापूर्वीच्या लसींबद्दल बोलू. नमस्कार.